चांगल्या अक्षरातली पत्रं

खिडकी लावून घ्या. डास येतात म्हणून सांगतोय, दुसरं काही नाही. आणि मध्येच "मग काका, पुढं?" असं कुणी विचारायचं नाही. मी गप्प बसलो की तुम्हीही गप्प बसायचं.

ही लिंबाच्या बागेतल्या ताईंची गोष्ट. ऐकीव नाही. अर्धी माझ्यासमोर घडली, उरलेली त्यांनी स्वतः मला सांगितली. आणि त्या बाईंना थापा मारायला तेव्हाही वेळ नव्हता, आजही नाही.

नोव्हेंबर महिना होता. मी तेव्हा नोकरीत होतो. टपालाची पिशवी मोपेडला अडकवून गावभर फिरायचो. त्या सकाळी ताईंच्या घरी दोन गोष्टी द्यायच्या होत्या, त्यांच्या वडिलांच्या औषधांचं पार्सल आणि धाकट्या भावाचं पत्र. धाकटा लष्करात. सप्टेंबरात त्याला एका उंच चौकीवर पाठवलं होतं. तिथं फोन लागत नाही, म्हणून पत्रं. आजकाल पत्र म्हटलं की लोक हसतात, पण तिथं अजूनही तेच चालतं.

ताईंनी स्वयंपाकघराच्या दारातच पाकीट फोडलं. दोन ओळी वाचल्या आणि कपाळाला आठ्या पडल्या.

"काका, हे बघा. अक्षर."

मी बघितलं. सरळ रेषेत, टपोरं, काना-मात्रा जागच्या जागी.

"छान आहे की."

"तेच म्हणतेय. आमच्या धाकट्याचं अक्षर म्हणजे मुंगी शाईत पडून कागदावरून चालत गेल्यासारखं. आधीची तीन पत्रं मला चष्मा घालून उलगडावी लागली होती."

"शाळेला जमलं नाही ते लष्कराला जमलं असेल," मी म्हटलं.

ताई हसल्या नाहीत. पुढचं वाचत होत्या.

त्या घराचं थोडं सांगायला हवं. वडिलांनी एकशे चाळीस झाडांची बाग उभी केली होती. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं, आणि ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून बागेकडं बघत राहायला लागले. आई आधीच गेलेली. ताई शहरात कापडाच्या दुकानात काउंटर सांभाळायच्या. ती नोकरी सोडून त्या परत आल्या. कापडाचं सगळं कळायचं, झाडाचं काही नाही. धाकटा तर लहानपणापासून बागेचा वैरी. लिंबाच्या काट्यांना शिव्या देतच तो भरती झाला. पगारातला मोठा हिस्सा न चुकता घरी पाठवायचा, तेवढा चांगला होता. पण नुसत्या पैशानं झाड बरं होत नाही. झाडांना डिंक्या लागला होता. खोडातून गोंद गळतो, साल कुजते, आणि वर पानं पिवळी पडत झाड वाळून जातं. त्या हिवाळ्यापर्यंत पस्तीस झाडं गेली होती. मजूर मिळत नव्हते, सगळे गोदामांत कामाला. ताई एकट्या, हातात कोयता घेऊन वाळलेल्या फांद्या तोडत बसायच्या.

आणि ज्या पोराला खुरपं धरता येत नव्हतं, त्याच्या पत्रात लिहिलं होतं, "खोडापाशी माती चढवू नकोस, उलट मोकळी कर. गोंद दिसेल तिथली साल धारदार चाकूनं खरवड, आणि मोरचूद-चुन्याची पेस्ट लाव. पाणी खोडाला लागता कामा नये. दुहेरी आळं कर, आतलं कोरडं, बाहेरचं ओलं."

ताईंनी तसं केलं. दुसरं काही सुचतच नव्हतं म्हणून केलं. आणि महिन्याभरात गोंद थांबला.

डिसेंबरातही दोन पत्रं आली. तीच टपोरी लिपी, तोच शहाणपणा. बहार कधी धरायचा, पाणी कधी तोडायचं. ताई जेवणानंतर पत्र मोठ्यानं वाचायच्या आणि वडील डोळे मिटून ऐकायचे. एके रात्री त्यांनी डावा हात वर केला.

"हे… त्याचं… नाही."

"काय नाही, बाबा?"

"बोलणं… त्याचं नाही."

तिथं ताईंच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली.

जानेवारीच्या शेवटी जे पत्र आलं, त्यानं त्यांची झोपच उडवली. "विहिरीकडून तिसऱ्या ओळीतल्या सातव्या झाडाला मागच्या बाजूनं पुन्हा गोंद येतोय. पुढून दिसत नाही, वाकून बघा." त्या "बघा"वर काट मारून वर "बघ" केलं होतं.

ताई उठल्या, चपला न घालता बागेत गेल्या, वाकल्या. गोंद होता. ताजा.

सख्खा भाऊ बहिणीला "बघा" म्हणत नाही. चुकूनसुद्धा नाही. आणि हजार मैलांवर बसलेल्या माणसाला खोडाची मागची बाजू दिसत नाही. म्हणजे पत्र लिहिणारा इथलाच होता. रोज बाग बघणारा. ताईंच्या डोक्यात एकच नाव आलं. शेजारचा नर्सरीवाला.

हा नर्सरीवाला पन्नाशीचा, विधुर, गोडबोल्या. दोन वर्षांपासून मागं लागला होता, "ताई, बाग मला करायला द्या. तुमच्यानं व्हायचं नाही." झाडांचं त्याला सगळं ठाऊक. त्याच्या शेडमधून तिसरी ओळ सरळ दिसते. आता भावाच्या नावानं गोड सल्ले देऊन विश्वास मिळवायचा, आणि एक दिवस त्याच अक्षरात लिहायचं की बाग नर्सरीवाल्याला दे. ताईंना डाव पाठ झाल्यासारखा दिसला. पण पाकिटावर लष्करी टपालाचा शिक्का होता. मग त्याला सामील कोण?

मी!

दुसऱ्या दिवशी त्या टपाल कार्यालयात आल्या. काउंटरवर पाकीट ठेवलं.

"काका, एक विचारू? पत्र तुमच्याकडं येतं तेव्हा बंद असतं ना?"

मला समजायला दोन क्षण लागले. समजलं तेव्हा कान गरम झाले.

"ताई, सव्वीस वर्षं झाली मला. दुसऱ्याचं पाकीट मी उन्हाकडंसुद्धा धरलेलं नाही."

"तसं नाही म्हणायचं मला."

"तसंच म्हणायचं आहे तुम्हाला. हा शिक्का बघा, लष्करी टपालाचा आहे. इथं कुणाच्या बापाला मारता येत नाही."

त्या गेल्या, पण शंका घेऊनच गेल्या. मलाही राग होता. आठवडाभर मी त्यांच्या घरी पाणी प्यायलो नाही.

मग त्यांनी सापळा लावला. अठ्ठावीस फेब्रुवारीला त्या नर्सरीवाल्याला म्हणाल्या, "पंपाची मोटार जळालीय." त्याच दुपारी मला म्हणाल्या, "शेळ्या आजारी आहेत, चारा खात नाहीत." दोन्ही साफ खोटं. घरात वडिलांनाही सांगितलं नाही. पुढच्या पत्रात मोटारीची काळजी आली तर चोर नर्सरीवाला, आणि शेळ्यांची आली तर मी. कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक ओळखायला शिकलेली बाई ती, कच्च्या गुरूची चेली नव्हती.

सहा मार्चला पत्र आलं. मी स्वतः हातात दिलं आणि मुद्दाम थांबलो. माझ्यावरचा आळ मलाही धुऊन काढायचा होता.

ताईंनी वाचलं. तोंडावरचा रंग उतरत गेला. मग कागद माझ्यापुढं धरला. त्या टपोऱ्या अक्षरात वरच लिहिलं होतं…

"मोटार धड आहे. शेळ्याही धड आहेत. भल्या माणसांना कशाला खोटं सांगतेस?"

आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. मग सवयीनं माझी नजर शिक्क्यावर गेली.

"ताई…"

"काय?"

"शिक्का एकोणीस फेब्रुवारीचा आहे."

म्हणजे ताईंनी खोटं बोलायच्या नऊ दिवस आधी ते पत्र टपालात पडलं होतं.

तुम्ही म्हणाल, घाबरून बाईनं पत्रं जाळली असतील. छे. माणसाला एकदा संशयाची सवय लागली की भुतावर विश्वास ठेवण्याआधी तो शेजाऱ्यालाच चोर ठरवतो. ताई म्हणाल्या, शिक्का खोटा असेल. माझं खोटं बोलणं माझ्या तोंडावर दिसलं असेल. दोघं मिळून असतील. असेल, असेल, असेल… त्यांनी बागेच्या फाटकाला नवं कुलूप घातलं. रात्री तीन-तीनदा उठून खिडकीतून बघायच्या. वडील खुर्चीत जागेच असायचे. तेही बागेकडंच बघत.

भावाला त्यांनी दोन पत्रं लिहिली, "तुझी पत्रं खरंच कोण लिहितं ते सांग." उत्तर आलं नाही.

एप्रिलात मात्र पत्र आलं. तेरा तारखेचा रविवार होता. पत्र आदल्या दिवशीच आलेलं, पण मी त्या दिवशी आजारी, म्हणून सुट्टीच्या दिवशी घरी नेऊन दिलं. फक्त चार ओळी. "गुरुवारी रात्री पंप सुरू करायला विहिरीवर जाऊ नका. दिवस उजाडू द्या. एक रात्र पाणी चुकलं तर झाडं मरत नाहीत."

या वेळी "जाऊ नका"वर काट मारलेली नव्हती.

शेतीची वीज त्या आठवड्यात रात्री अकरानंतर यायची. विहीर घरापासून दोनशे पावलांवर. जुनी, दगडी बांधणीची. काठावर पत्र्याची शेड, तिच्यात पंपाचा स्टार्टर आणि एक बल्ब. बल्ब चालूच ठेवायचा. तो पेटला की वीज आली समजायचं, मग ताई जाऊन पंप सुरू करायच्या.

"आता कळलं," ताई मला म्हणाल्या. "गुरुवारी त्याला बाग मोकळी हवी आहे. मोटार उचलायची असेल, नाहीतर झाडांच्या मुळाशी काही ओतायचं असेल. बघतेच."

"ताई, नका जाऊ."

"तुम्ही का घाबरता?" आणि अशा नजरेनं बघितलं की मी पुढं काही बोललो नाही. अजून वाटतं, बोलायला हवं होतं.

सतरा एप्रिल. गुरुवार.

ताईंनी वडिलांना झोपवलं. घरातले दिवे मालवले, झोपल्याचं सोंग म्हणून. पावणेअकराला मागच्या दारानं बाहेर पडल्या. हातात कोयता, खिशात टॉर्च, पण बंद. चंद्र उगवायचा होता. दिवसभर आग ओकलेली हवा, पानसुद्धा हलत नव्हतं. ओळखीच्या झाडांना हात लावत त्या तिसऱ्या ओळीपर्यंत आल्या आणि एका खोडाआड बसल्या. विहीर तिथून वीस पावलं.

अकरा वाजले. काही नाही.

सव्वाअकरा.

आधी वास आला. लिंबाचा नाही. थंडीचा. थंडीला वास असतो, असं ताई म्हणतात… फ्रिजचं दार उघडल्यावर येतो तसा.

मग दिसला.

विहिरीच्या आणि त्यांच्या मध्ये. एका झाडापाशी वाकलेला. पाठ इकडं. हात चालत होते, काहीतरी गुंडाळत असावेत. दोरी असेल, ताईंना वाटलं. चोर सापडला! त्या उठल्या.

"कोण आहे?"

हात थांबले.

"नर्सरीवाले, ओळखलं मी तुम्हाला. इकडं तोंड करा."

तो सरळ उभा राहिला. उंच होता. नर्सरीवाला बुटका… आणि याच्या अंगात जाड, लांब कोट. एप्रिलात. कोटाच्या खांद्यांवर पांढरं काहीतरी. चुना, ताईंना वाटलं.

त्यांनी एक पाऊल टाकलं.

"ताई. थांबा."

आवाज तरुण होता. थकलेला. रागावलेला नाही.

"धाकट्या?"

तो पाठ करूनच उभा.

"कोण आहेस? तोंड दाखव!"

"पुढं येऊ नका. एवढं ऐका."

ताईंचा कोयता वर होता. पाय मात्र उचलेना. त्यांनी टॉर्च काढला, बटण दाबलं. लागला नाही. पुन्हा दाबलं.

नाही.

अकरा वाजून वीस मिनिटांनी वीज आली. शेडमधला बल्ब पेटला. त्या उजेडात ताईंनी त्याचे खांदे नीट बघितले. पांढरं होतं ते चुना नव्हता. ते वितळत होतं.

तो हळूच मान वळवायला लागला…

आणि जमीन हलली.

आधी खोल, पोटातून येतो तसा आवाज. मग बल्ब खाली गेला. विझला नाही. खाली गेला. पेटलेलाच. शेड, स्टार्टर, काठ, काठाजवळची दोन झाडं. सगळं एकदम विहिरीत. मग पाण्याचा आवाज. मग अंधार.

मग काहीच नाही.

ताई किती वेळ उभ्या होत्या, त्यांना माहीत नाही. आवाजानं शेजारपाजार धावत आला, मीही आलो. त्यांच्या पायांपासून पाच पावलांवर जमीन संपली होती. नर्सरीवाला त्या गर्दीत नव्हता. तो संध्याकाळपासून शहरातल्या दवाखान्यात होता, आजारी आईच्या उशाशी. दुसऱ्या दिवशी परतला. ताईंनी त्याच्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. तो बिचारा म्हणाला, "काय हो, मी काही केलं का?"

मेच्या अखेरीस धाकटा रजेवर आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. त्या दिवशी ताईंनी मलाही बोलावून घेतलं. टेबलावर सगळी पत्रं ओळीनं मांडली होती.

"खरं सांग," त्या म्हणाल्या. "यातली तू किती लिहिलीस?"

त्यानं पहिली तीन बाजूला केली. "ही." मग नोव्हेंबर-डिसेंबरची उचलली. "ही त्यानं. माझी बोटं स्टोव्हवर भाजली होती, तुम्हाला काळजी नको म्हणून सांगितलं नाही. मी बोलायचो, तो लिहायचा. नंतर बोटं बरी झाली, पण म्हटलं राहू दे, अक्षर तरी वाचता येईल."

"तो कोण?"

"माझ्या शेजारच्या खाटेवरचा. आम्ही त्याला बागवाला म्हणायचो. घरची बाग होती म्हणे कधीकाळी. आता घरी पत्र वाचणारं कुणी नाही, म्हातारी आई आहे पण तिला अक्षरओळख नाही. म्हणून आपल्या बागेचं ऐकून त्याला भारी वाटायचं. तुझं पत्र आलं की माझ्याआधी तो वाचायचा. झाडांचं तो स्वतःच्या मनानं घालायचा. मी म्हणायचो, अरे माझ्या बहिणीला संशय येईल, मला यातलं ओ की ठो कळत नाही. तो म्हणायचा, येऊ दे, झाडं तर वाचतील."

"मग त्याला बोलव की घरी."

धाकट्यानं हातातली पत्रं खाली ठेवली.

"नऊ जानेवारीला गेला. बर्फाचा कडा कोसळला. मी पाच पावलं मागं होतो. त्यानंच ओरडून थांबवलं मला."

वडिलांच्या खुर्चीचा करकर आवाज झाला.

ताईंनी उरलेली पत्रं त्याच्या पुढं सरकवली. जानेवारीचं शेवटचं. फेब्रुवारीच्या शिक्क्याचं. एप्रिलचं. त्यानं एकेक उचललं, वाचलं, खाली ठेवलं.

"अक्षर त्याचंच आहे," तो म्हणाला. "पण ताई… तो गेल्यावर मी एक ओळ लिहिली नाही. धीरच झाला नाही. आणि लिहून तरी काय? त्याच आठवड्यात वाट बंद झाली. मे उजाडेपर्यंत वरून एक पिशवी खाली आली नाही."

मी शिक्के पुन्हा बघितले. भिंग लावून बघितले. सव्वीस वर्षांत असे हजारो बघितलेत मी. खरे होते.

संध्याकाळी आम्ही बागेत गेलो, नर्सरीवाल्यालाही घेऊन. ताईंनी ते झाड दाखवलं, जिथं तो वाकला होता. आतापर्यंत सगळ्यांचं लक्ष विहिरीकडं. झाडाकडं कुणी निरखून बघितलंच नव्हतं.

खालच्या एका फांदीला कुणीतरी डोळा भरला होता. म्हणजे साल चिरून दुसऱ्या झाडाची कळी आत बसवायची आणि वरून बांधायचं. बोटभर फूट आली होती, हिरवीगार.

नर्सरीवाला गुडघ्यावर बसला. "महिना-सव्वा महिना झालाय. हात चांगला आहे हो, फार चांगला. पण आम्ही प्लॅस्टिकची पट्टी बांधतो. ही जखमेला बांधायची मलमपट्टी आहे." त्यानं एक पान चुरगळून नाकाशी नेलं, पुन्हा नेलं. "हे लिंबू नाही, संत्रंही नाही. तीस वर्षं झाडं विकतोय मी. ही जात मी बघितलेली नाही."

पावसाळा संपल्यावर धाकटा रजा काढून पुन्हा आला. येताना त्या बागवाल्याच्या आईला घेऊन आला. वाकलेली, शांत बाई. तिला आम्ही यातलं काहीएक सांगितलेलं नव्हतं. कोण सांगणार, आणि कसं? चार दिवस हवापालट म्हणून आणलं होतं. सकाळी ती ताईंबरोबर बागेत फेरफटका मारत होती. विहिरीच्या अलीकडं तिसऱ्या ओळीत ती थांबली. ती फूट तेव्हा हातभर झाली होती. म्हातारीनं पान तोडलं, चुरगळलं, वास घेतला. आणि तिथंच मातीत बसली.

"काय झालं, आई?" ताईंनी विचारलं.

"हे तुमच्याकडं कुठून आलं?"

ताई तिच्या शेजारी मातीत बसल्या.

"हे आमच्या परसातलं झाड. माझ्या सासऱ्यांनी लावलेलं, एकच होतं, दुसरीकडं कुठं नव्हतं. आमचं गाव धरणात गेलं तेव्हा तेही गेलं." तिनं पान मुठीत घट्ट धरलं. "पाण्याखाली जाऊन चौदा वर्षं झाली त्याला, बाई…"

फांदी आहे अजून. मलमपट्टी ताईंनी सोडलेली नाही.